टॉवर नसलेल्या रनवेवर दुसऱ्या विमानापासून स्वतःला कसं वाचवायचं

बारामती, गोंदिया, शिरपूरला शिकणारे असोत नाहीतर कर्ज काढून फ्लोरिडा, टेक्सास, कॅनडाला गेलेले असोत, आपल्या मराठी पोरापोरींचं सुरुवातीचं फ्लाइंग बहुतेक छोट्या एअरफील्डवरच होतं. एका वेळी चार-पाच ट्रेनर विमानं सर्किट मारत असतात, म्हणजे रनवेभोवती आयताकृती फेऱ्या, त्यातले निम्मे सोलो, म्हणजे एकटेच, आणि अमेरिकेत तर पब्लिकसाठी उघडे असलेले ५००० च्या आसपास एअरपोर्ट आहेत पण कंट्रोल टॉवर जेमतेम ५०० ठिकाणी, म्हणजे बाकी सगळीकडे पायलटांनी आपापसात रेडिओवर बोलून आणि डोळे उघडे ठेवूनच निभवायचं. इंजिन बंद पडलं तर काय करायचं हे प्रत्येक स्टुडंट झोपेतही म्हणून दाखवेल, पण डाउनविंडवर, म्हणजे सर्किटच्या रनवेला समांतर पण उलट दिशेने जाणाऱ्या बाजूवर, शेजारी अचानक दुसरं विमान दिसलं तर काय हे विचारा, अर्धे गप्प बसतात. म्हणून हे लिहितोय.

८ जुलै २०२५ ला कॅनडात मॅनिटोबामधल्या स्टाइनबाखजवळ एकाच फ्लाइंग स्कूलच्या दोन सेसना, एक १५२ आणि एक १७२, लँडिंगची प्रॅक्टिस करताना रनवेपासून काहीशे मीटरवर धडकल्या. दोन्हीकडे सोलो स्टुडंट, दोघंही गेले, त्यातला एक केरळचा होता. सकाळची वेळ, रोजचं सर्किट, रेडिओ दोन्ही विमानांत होते. मिड-एअर, म्हणजे हवेतली धडक, म्हटलं की ढग, रात्र, वादळ असलं काहीतरी डोळ्यासमोर येतं पण खरं उलट आहे, छोट्या विमानांच्या बहुतेक धडका स्वच्छ हवेत, दिवसाउजेडी आणि एअरपोर्टच्या आसपासच होतात कारण सगळी विमानं एकाच जागी, एकाच उंचीला, एकाच रनवेकडे यायला लागतात.

आता क्विन्सीचा अपघात सांगतो, कारण मला वाटतं हा एक अपघात नीट समजला की पुढचं सगळं आपोआप पटतं. १९ नोव्हेंबर १९९६, अमेरिकेतलं इलिनॉय राज्य. एअरपोर्टला टॉवर नाही, रनवे एकमेकांना कापणारे. संध्याकाळचे पाच, उजेड उतरत चाललेला. युनायटेड एक्सप्रेसचं बीचक्राफ्ट १९०० रनवे १३ वर उतरायला येत होतं आणि रनवे ०४ वर एक किंग एअर टेकऑफच्या तयारीत, त्याच्यामागे आपला नंबर यायची वाट बघत एक छोटं चेरोकी. बीचक्राफ्टवाले आपण कुठे आहोत हे वेळोवेळी सांगत आले होते, शेवटी कॅप्टनने सरळ विचारलंही की ०४ वरचं विमान थांबणार आहे का टेकऑफ करणार आहे. किंग एअरकडून काहीच नाही. उत्तर दिलं मागच्या चेरोकीने, की मी डिपार्चरसाठी थांबलोय, आणि नेमकं त्याच वेळी बीचक्राफ्टच्या कॉकपिटमध्ये ग्राउंड प्रॉक्सिमिटी वॉर्निंगने, म्हणजे जमीन जवळ आल्याचं सांगणाऱ्या यंत्राने, 'टू हंड्रेड' असं म्हटलं आणि उत्तराचा एक तुकडा त्याखाली गेला. क्रूला वाटलं किंग एअरच बोललं, थांबतोय म्हणाला, त्यांनी त्याचे आभारही मानले. किंग एअरने रोल सुरू केला आणि दोन्ही विमानं क्रॉसिंगवर एकमेकांवर आदळली. बीचक्राफ्टमधले १२ आणि किंग एअरमधले २, सगळेच्या सगळे १४ जण गेले. सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे बीचक्राफ्टमधली माणसं धडकेतून वाचली होती, पण दार उघडलं नाही, बाहेरून धावत आलेल्यांनाही उघडता आलं नाही, आणि धुराने-आगीने त्यांचा जीव घेतला.

तपास करणाऱ्या एनटीएसबीने मूळ कारण धरलं ते किंग एअरच्या पायलटांनी कॉमन फ्रिक्वेन्सी नीट ऐकली नाही आणि ट्रॅफिक नीट बघितला नाही हे, आणि चेरोकीचं ते अर्धवट पोचलेलं उत्तर हे त्याला जोड देणारं कारण. पण शिकणाऱ्यासाठी यात अजून बरंच आहे. प्रश्न विचारला होता, उत्तर आलं होतं, म्हणजे वरवर बघता सगळं कसं पुस्तकात लिहिलंय तसंच. फक्त उत्तर भलत्याचं होतं. रेडिओ कॉल म्हणजे घाटातल्या वळणावर वाजवलेला हॉर्न आहे, मी येतोय एवढंच तो समोरच्याला कळवतो, रस्ता मोकळा आहे असं तो तुम्हाला सांगत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की कॉल करून झाला म्हणजे काम झालं ही सवय लागत नाही.

तर सुरुवात जमिनीवरून. विमान सुरू करायच्या आधी एअरपोर्टचा डायग्राम समोर घ्या आणि पार्किंगपासून रनवेपर्यंतचा रस्ता बोटाने फिरवून बघा, कुठे रनवे क्रॉस करावा लागतो, कुठे दोन टॅक्सीवे गोंधळात टाकतात. चार्टवर हॉट स्पॉट म्हणून गोल केलेल्या जागा असतात, त्या गंमत म्हणून छापलेल्या नसतात, तिथे आधी कुणीतरी चुकलेलं असतं किंवा चुकायची पुरेपूर शक्यता असते. रेडिओचा व्हॉल्यूम आणि स्क्वेल्च (खरखर दाबायचं बटण) टॅक्सी सुरू करायच्या आधीच तपासा. मागच्या पायलटने व्हॉल्यूम खाली करून ठेवलेला असतो किंवा दुसरीच फ्रिक्वेन्सी असते आणि तुम्हाला वाटतं आज काय शांतता आहे. फ्रिक्वेन्सीवर शांतता म्हणजे रनवे रिकामा असा अर्थ कधीही काढू नका. कित्येक जुन्या विमानांत रेडिओच नसतो आणि बऱ्याचशा टॉवर नसलेल्या एअरपोर्टवर कायद्याने तो लागतही नाही.

टॅक्सी करताना चेकलिस्ट वाचणं, आयपॅडमध्ये रूट टाकणं, फोनवर इन्स्ट्रक्टरला मेसेज करणं हे सगळं बंद. थांबायचं, ब्रेक लावायचे, मग करायचं. रनवेच्या आधी टॅक्सीवेवर चार पिवळ्या रेषा असतात, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड रेषा तुमच्या बाजूला असतील तर तिथे थांबणं बंधनकारक, तुटक तुमच्या बाजूला असतील तर तुम्ही रनवेवरून बाहेर येताय आणि अख्खं विमान, शेपटीसकट, रेषेपलीकडे गेल्याशिवाय थांबायचं नाही. बाहेर आल्यावर लगेच थांबून फ्लॅप वर घ्यायची घाई करणारे खूप बघितलेत, शेपूट अजून रनवेच्या हद्दीत असतं आणि मागचा फायनलवर, म्हणजे उतरण्यासाठी रनवेच्या सरळ रेषेत. लाल पाटी, त्यावर पांढरे आकडे, म्हणजे पलीकडे रनवे आहे.

होल्डिंग पॉइंटला, म्हणजे त्या अखंड रेषांपाशी, विमान रनवेला अगदी काटकोनात उभं करू नका, थोडं फायनलच्या दिशेने वळवून उभं करा म्हणजे येणारं विमान काचेतून दिसतं. हाय विंग, म्हणजे पंख कॉकपिटच्या वर असलेलं विमान, असेल तर बेस लेग, म्हणजे फायनलच्या आधीची आडवी बाजू, पंखाखाली लपतो, म्हणून जागा असेल तर लाइन-अपच्या, म्हणजे रनवेवर जाऊन सरळ उभं राहायच्या, आधी एक पूर्ण गोल फिरा, सगळं सर्किट डोळ्याखालून जातं. मग फायनल बघा, बेस बघा, रनवेचं दुसरं टोक बघा, आणि दुसरा रनवे कापत असेल तर त्याचीही दोन्ही टोकं बघा. वारा मंद असला की एक जण ०४ घेतो आणि दुसरा १३, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून विंडसॉक बघून 'सगळे हाच रनवे घेत असणार' असं धरून चालणं धोक्याचं.

बघून झालं, कॉल झाला, की मग रेंगाळायचं नाही. टॉवर नसलेल्या ठिकाणी रनवेवर जाऊन उभं राहून वाट बघत बसणं हा मला सगळ्यात वाईट प्रकार वाटतो कारण तुमची पाठ फायनलकडे असते, मागून काय येतंय ते तुम्हाला दिसूच शकत नाही. क्विन्सीचं किंग एअरही रोलच्या आधी रनवेवर उभंच होतं. रन-अप (इंजिनची तपासणी), डिपार्चर ब्रीफिंग, डीजी (दिशा दाखवणारं यंत्र) सेट करणं, सगळं होल्डिंग पॉइंटलाच संपवा. ज्या स्ट्रिपला पॅरलल टॅक्सीवे नाही आणि बॅकट्रॅक, म्हणजे रनवेवरूनच उलट दिशेने टॅक्सी, करावंच लागतं तिथे तर अजून जपून, फायनलवर कोणी नाही याची खात्री झाल्यावरच आत शिरा, बॅकट्रॅक करतोय असं स्पष्ट सांगा आणि चटकन टोकाला पोचा.

लाइन-अप झाल्यावर एक सेकंद हेडिंगवर नजर टाका. रनवे २२ म्हणजे कंपास २२० च्या आसपास दिसलाच पाहिजे. २७ ऑगस्ट २००६ ला लेक्सिंग्टनला कॉमएअरच्या जेटने २२ ऐवजी तोकड्या २६ वरून टेकऑफ केला आणि ५० पैकी ४९ माणसं गेली, हेडिंग समोर दिसत होतं. छोट्या विमानांतलं उदाहरण सेंट लुइसचं आहे, २२ नोव्हेंबर १९९४ च्या रात्री सेसना ४४१ च्या पायलटला रनवे ३१ दिला होता आणि तो ३०आर (समांतर दोनपैकी उजवा) वर जाऊन उभा राहिला, कारण थोड्याच वेळापूर्वी तो त्याच रनवेवर उतरला होता आणि डोक्यात तोच बसला होता. त्याच रनवेवर टेकऑफ करणारं टीडब्ल्यूएचं एमडी-८२ त्याच्यावर आलं आणि सेसनामधले दोघंही गेले. तिथे टॉवर होता हे लक्षात घ्या. टॉवर असला की डोकं बाजूला ठेवता येत नाही, रनवे नंबर आणि होल्ड शॉर्ट (रनवेआधी थांबायची सूचना) कॉल साइनसकट, म्हणजे विमानाच्या रेडिओवरच्या नावासकट, रीडबॅक करायचाच, म्हणजे परत म्हणून दाखवायचाच, आणि दिलेला रनवे आणि मनातला रनवे जुळत नसेल तर लाज न बाळगता विचारायचं.

आता हवेतून येताना. साधारण १० मैलांवरून फ्रिक्वेन्सी ऐकायला लागा आणि बोलायला लागा, लँडिंग लाइट चालू करा. पहिली दोन मिनिटं नुसतं ऐका, कोण कुठे आहे याचं चित्र मनात तयार होऊ दे. कॉलमध्ये एअरपोर्टचं नाव सुरुवातीला आणि शेवटी दोन्हीकडे घ्यायचं कारण अमेरिकेत एकच फ्रिक्वेन्सी आजूबाजूचे अनेक एअरपोर्ट वापरतात आणि पहिला शब्द बऱ्याचदा पीटीटी (बोलायचं बटण) दाबायच्या आधीच तोंडातून निघून जातो. कॉल साइनच्या जोडीला विमानाचा प्रकार आणि रंगही सांगा, पांढऱ्या-लाल १७२ ला आकाशात शोधता येतं, नुसत्या नंबरला नाही. नकाशावरची रिपोर्टिंग पॉइंटची नावं नवख्याला कळत नाहीत, किती मैल, कुठल्या दिशेला, किती उंचीवर असं सांगितलं की बाहेरून आलेल्यालाही समजतं. आणि 'एनी ट्रॅफिक इन द एरिया प्लीज अ‍ॅडव्हाइज' हे वाक्य वापरू नका, अमेरिकेची विमान-नियामक संस्था एफएएने आपल्या सर्क्युलरमध्ये स्पष्ट लिहिलंय की हे वापरू नये, कारण मग पाच जण एकदम बोलतात आणि कानात नुसती शिट्टी वाजते, कुणाचंच काही कळत नाही.

सर्किटमध्ये शिरायची पद्धत देशागणिक बदलते, अमेरिकेत डाउनविंडला ४५ अंशांनी येतात, इंग्लंडमध्ये ओव्हरहेड जॉइन (रनवेच्या डोक्यावरून), त्यामुळे जिथे आहात तिथली पद्धत इन्स्ट्रक्टरकडून आधीच समजून घ्या. एक मात्र सगळीकडे लागू, सर्किटच्या उंचीवर येऊन मग शिरायचं, डाउनविंडवर खाली उतरत उतरत शिरायचं नाही, कारण तुमच्या पोटाखाली जो आहे तो तुम्हाला दिसत नाही आणि त्याच्या पंखावरचे तुम्ही त्याला दिसत नाही. लो विंग पायपर वर आणि हाय विंग सेसना खाली, दोघंही एकाच फायनलवर, दोघंही एकमेकांना आंधळे, हा अगदी ठरलेला घात आहे. म्हणून बेसला वळायच्या आधी हाय विंगवाल्याने पंख किंचित उचलून बघायचं, आणि फायनलला वळायच्या आधी उलट्या बाजूला, म्हणजे लांबून सरळ येणाऱ्या स्ट्रेट-इनकडे, एकदा नक्की बघायचं.

स्ट्रेट-इनवरून थोडं जास्त बोलतो. १८ ऑगस्ट २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिलला सेसना १५२ सर्किट मारत होतं आणि ट्विन इंजिन सेसना ३४० लांबून सरळ रनवे २० साठी येत होतं, तेही १५२ पेक्षा कितीतरी जास्त वेगाने. दोघंही कॉल करत होते, एकमेकांना ऐकत होते. १५२ च्या पायलटला मागचा फार जोरात येतोय हे कळलं, गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं) करतोय असं तो म्हणालाही, आणि तरी धडक झाली, तिघं गेले. नियमाने फायनलवरच्याला आणि खाली असणाऱ्याला प्राधान्य, पण त्या नियमाचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही हेही नियमातच आहे. सर्किटमध्ये विमानं असतील तर स्ट्रेट-इन करू नका असं मी सांगेन, दोन मिनिटं जास्त लागतील. आणि तुम्ही १५२ मध्ये असाल, बेसला वळायच्या बेतात असाल आणि कुणीतरी ३ मैलांवर फायनल म्हणाला, तर तो डोळ्यांनी दिसेपर्यंत वळू नका, डाउनविंड लांबवा, त्याला जाऊ द्या. १८० नॉट्सने येणारा ३ मैल एका मिनिटात कापतो. तुमचा बेस आणि फायनल तेवढ्यात होत नाही.

पॅरलल रनवे असतील तर फायनलला वळताना ओव्हरशूट, म्हणजे आपल्या रनवेच्या रेषेपलीकडे जाणं, अजिबात चालत नाही. मे २०२१ मध्ये कोलोरॅडोत सेंटेनियलला एक सिरस वेगाने वळताना आपली सेंटरलाइन ओलांडून शेजारच्या रनवेला येणाऱ्या मेट्रोलाइनरमध्ये घुसलं. सिरस पॅराशूटने खाली आलं, मेट्रोलाइनर अर्धी फाटलेली बॉडी घेऊन उतरलं, कुणाला ओरखडाही नाही. पुढच्या वर्षी जुलैमध्ये नॉर्थ लास वेगासला ३०एल दिलेलं पायपर मालिबू ३०आर च्या फायनलवर गेलं, तिथे सेसना १७२ होतं, आणि तिथे चारही जण गेले. त्यामुळे बेसवर वेग आणि वळण आवाक्यात ठेवा आणि रनवे नंबर स्वतःशी मोठ्याने म्हणा.

बघायचं कसं हेही शिकावं लागतं. नजर आकाशावरून झाडूसारखी फिरवली तर काही दिसत नाही, डोळा थांबला तरच दिसतं, म्हणून साधारण १० अंशांचा एक तुकडा, तिथे निदान एक सेकंद, मग पुढचा. जे विमान काचेवर हलताना दिसतं ते सहसा तुमच्या मागून किंवा पुढून जाणार. जे काचेवर एकाच जागी चिकटलेलं आहे आणि फक्त मोठं होतंय, ते तुमच्यावरच येतंय. आणि दिसल्यापासून विमान प्रत्यक्ष वळेपर्यंत साधारण साडेबारा सेकंद जातात असं एफएएच्या मार्गदर्शनात आहे, म्हणजे लांब असतानाच दिसायला हवं. समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे. एडीएस-बीचा, म्हणजे आसपासची विमानं दाखवणारा, स्क्रीन असेल तर वापरा, फार उपयोगी आहे, फक्त ज्याच्याकडे ट्रान्समीटर नाही तो त्यावर येत नाही, आणि स्क्रीनमध्ये डोकं घालून सर्किट मारणारे तर मला रेडिओ नसणाऱ्यांपेक्षा जास्त भीतीदायक वाटतात.

रनवेवर काहीही असलं, विमान, कुत्रं, गाडी, तर गो-अराउंड. आपल्याकडे हे नवीन नाही, १५ फेब्रुवारी २०२० ला पुण्यात एअर इंडियाच्या ए३२१ ला टेकऑफ रोलमध्ये समोर जीप आणि माणूस दिसला आणि वेळेआधी विमान उचलावं लागलं, शेपूट रनवेला घासलं. पुण्यासारख्या एअरफोर्सच्या फील्डवर हे होतं तर उघड्या स्ट्रिपवर काय. गो-अराउंड करताना समोर कुणी टेकऑफ करत असेल तर रनवेच्या डोक्यावरून सरळ चढू नका, तो खालून चढत तुमच्या पोटाशी येतो. थोडं उजवीकडे सरका म्हणजे डाव्या सीटवरून तो दिसत राहतो, अर्थात उजवीकडे पॅरलल रनवे नसेल तर. आधी पॉवर, मग विमान सावरणं, रेडिओ सगळ्यात शेवटी. गो-अराउंड केला म्हणून कुठलाही चांगला इन्स्ट्रक्टर रागावत नाही, रागावत असेल तर इन्स्ट्रक्टर बदला.

आणि एवढं करूनही एखाद दिवशी कुणीतरी फार जवळून गेलंच, तर उतरल्यावर ते गिळून टाकू नका. अमेरिकेत नासाची एएसआरएस ही रिपोर्टिंग सिस्टिम १९७६ पासून चालू आहे, तुमचं नाव काढून टाकून माहिती वापरतात, आणि तुमच्याकडून नियम मोडला गेला असेल पण मुद्दाम नसेल आणि अपघात झाला नसेल तर १० दिवसांत रिपोर्ट दिल्यावर शिक्षेतून सूट मिळू शकते. कॅनडात तशीच सेक्युरिटास आहे, भारतात विमान-नियामक डीजीसीएकडे एअरप्रॉक्सचा, म्हणजे विमानं धोकादायक जवळ आल्याचा, रिपोर्ट जातो, सोलो स्टुडंटने आधी आपल्या सीएफआयला (इन्स्ट्रक्टरला) सांगायचं. त्याच संध्याकाळी कागदावर लिहून काढा, वेळ, रनवे, उंची, तुम्ही कुठल्या लेगवर होता, कुठला कॉल ऐकू आला आणि कुठला आलाच नाही, समोरचा आधी दिसला का बाजूला आल्यावर दिसला. शक्य असेल तर दुसऱ्या पायलटलाही गाठून त्याच्या बाजूने काय झालं ते विचारा, भांडायला नाही, त्याने तुम्हाला पाहिलं होतं का एवढं कळायला.